आंबेगाव तालुका आहे. आंबेगाव कुठे आहे?

ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागातील खाणगावांतून केलेल्या मोटारप्रवासाच्या चित्रफिती सध्या अनेकांच्या पाहण्यात येतात. तांबडी माती, क्षितिजापर्यंत सरळ गेलेला रस्ता, बंद पडलेली खाण आणि तिच्या शेजारी जपून ठेवलेली खाणकामगाराची खोली. त्या पाहिल्या की इतिहासाची आवड असलेल्या तरुण मित्रांकडून एकच पृच्छा येते: असा प्रवास आपल्याकडे कुठे करावा?

माझे उत्तर ठरलेले आहे. जुन्नर आणि आंबेगाव. पुण्याहून निघून दोन दिवसांत होणारा प्रवास. मात्र तो शिवनेरीपासून सुरू करू नये. शिवनेरी शेवटी.

असे का, हे सांगण्यासाठीच आजचा हा थ्रेड. जरा लांबेल.

प्रथम त्या खाणगावांविषयी दोन शब्द. न्यू साउथ वेल्समधील ब्रोकन हिल येथे १८८३ मध्ये रुपे, शिसे आणि जस्त यांची प्रचंड खनिजरेषा सापडली. तिच्यावर एक शहर उभे राहिले. २०१५ मध्ये ते संपूर्ण शहर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसा यादीत गेले. एखादी इमारत नव्हे, संपूर्ण शहर. कामगारांची घरे आणि त्यांची सभागृहे यांच्यासकट. उलट पश्चिम ऑस्ट्रेलियातील विटेनूम. तेथे निळ्या ॲस्बेस्टॉसची खाण होती. १९६६ मध्ये ती बंद झाली. पण त्या तंतूंनी कामगारांचे जीव घेणे थांबले नाही. अखेर २००७ मध्ये सरकारने विटेनूमचा गाव म्हणून असलेला दर्जाच काढून घेतला. तेथे गाव नाहीसे करण्यासाठी त्याचे नाव पुसावे लागले.

आपल्याकडे याच्या नेमके उलट घडले. नाव राहिले, गाव गेले.

मंचरहून भीमाशंकरच्या रस्त्याला लागल्यावर पाट्या लक्षपूर्वक वाचा. तालुक्याचे नाव आंबेगाव. तालुक्याची कचेरी घोडेगावात. मोठी बाजारपेठ मंचरला. मग ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते आंबेगाव कुठे? घोडेगाव मागे टाकून डिंभ्याला पोहोचलात की त्याचे उत्तर समोर पसरलेले दिसते. घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या जलाशयात जुने आंबेगाव बुडाले आहे. उन्हाळ्यात पाणी पुरेसे ओसरले तर जुन्या वस्तीच्या खुणा वर येतात आणि मृगाच्या पावसानंतर पुन्हा खाली जातात.

या जलाशयाचे अधिकृत नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे. पोटासाठी मुंबईच्या गिरणीत गेलेला हा तरुण १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीच्या रस्त्यावर, विदेशी कापड वाहून नेणाऱ्या मालमोटारीसमोर आडवा झाला आणि तिच्याखाली चिरडला गेला. वय अवघे बावीस. ज्याला गाव सोडावे लागले त्याचे नाव, ज्यांना गाव सोडावे लागले त्यांच्या पाण्याला. नामकरण करणाऱ्यांच्या हे मनात नसावे. पण नावे कधीकधी ठेवणाऱ्यापेक्षा अधिक जाणतात.

डिंभे हे कुकडी प्रकल्पातील पाच धरणांपैकी एक. येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे ही उरलेली चार जुन्नर तालुक्यात. या पाच धरणांचे पाणी कालव्यांनी पूर्वेकडे जाते. शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, थेट करमाळ्यापर्यंत. तेथील कोरडवाहू शेतकऱ्याच्या दोन पिढ्या या पाण्याने सावरल्या, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. मंचर-नारायणगावच्या बाजारात भाजीपाल्याचे जे ढीग दिसतात, तेही याच पाण्याचे देणे. परंतु पाणी साठले ते पश्चिमेकडच्या डोंगराळ पट्ट्यात, आणि तेथे जमिनी गेल्या त्या मुख्यतः महादेव कोळी कुटुंबांच्या. खोऱ्याच्या तळातील भातखाचरे बुडाली. माणसे डोंगराच्या अंगावर वर सरकली.

त्यांनी पुढे काय केले, हा या प्रवासातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा इतिहास आहे. पाणी ओसरताना उघडी पडणारी गाळाची जमीन त्यांनी कसायला घेतली. तिच्यावरचा हक्क मिळवण्यासाठी झगडले. डोंगरउतारावर दगडी बांध घालून नवी खाचरे पाडण्याची पडकईची जुनी रीत पुन्हा जोमाने चालवली. ज्या पाण्याने शेत नेले त्यात मासेमारी करण्यासाठी सहकारी संस्था उभी केली. या कामात त्यांच्यासोबत असलेल्या शाश्वत या संस्थेला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. हे सारे गेल्या चाळीसेक वर्षांतले. यातली पुष्कळ माणसे आज हयात आहेत आणि विचारले तर बोलतात.

डिंभ्याच्या परिसरातच माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी अतिवृष्टीत डोंगराचा कडा खचून गावावर आला. १५१ माणसे गेली. बाहेरच्या जगाला ती वार्ता कळली एका एसटीचालकामुळे. नेहमीच्या फेरीला आलेल्या त्या चालकाला गाव असायचे तेथे गावच दिसले नाही. नंतर जवळच नव्या जागी घरे बांधून माळीण पुन्हा वसवण्यात आले. तेथे गेलात तर छायाचित्रे काढण्याच्या घाईत राहू नका. ते पर्यटनस्थळ नाही.

येथे एक आक्षेप येणार, हे मला ठाऊक आहे. दरवेळी येतो. "धरण, दरड, पुनर्वसन या बातम्या झाल्या, हा इतिहास नव्हे." आपल्या मनात इतिहासाची एक कालमर्यादा ठरून गेली आहे. सातवाहनांपासून सुरू होतो आणि १८१८ ला संपतो. त्यानंतर जे होते ते 'चालू घडामोडी'. या आक्षेपाला उत्तर द्यायला मला जुन्नरच्या लेण्यांची मदत लागेल. तोवर थोडा धीर धरा. वाटेत नारायणगाव आहे.

नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. यात्रांच्या हंगामाआधी येथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी येऊन सुपाऱ्या देतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच गावच्या. १९५७ आणि १९९० असे दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला; २००२ मध्ये त्या गेल्या. नारायणगावाजवळच्या आर्वी येथे १९७१ मध्ये परदेशांशी उपग्रहाद्वारे संपर्क साधणारे भूकेंद्र सुरू झाले. आणि खोडदला ती महाकाय रेडिओ दुर्बीण: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांपैकी १४ मध्यभागी आणि १६ तीन दिशांना पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली, त्याचे एक प्रमुख कारण येथील रेडिओ-शांतता.

त्या शांततेची किंमतही आहे. १८६३ मध्ये बोरघाटातून आणि १८६५ मध्ये थळघाटातून आगगाडी वर आली. जुन्नर या दोहोंच्या मधोमध राहिले. त्याच्या घाटाला लोहमार्ग लाभला नाही. दीडशे वर्षांनी पुणे-नाशिक रेल्वेची आखणी नारायणगावावरून झाली, तर ती दुर्बिणीच्या कामात व्यत्यय आणील म्हणून मार्ग बदलण्याचा विचार पुढे आला. तमाशाच्या ढोलकीने गाजणाऱ्या गावाची रेल्वे शांततेपायी अडावी, हा योग दुर्मीळच म्हणायचा.

नारायणगावहून थोडी वाट वाकडी करून कुकडीकाठच्या बोरी बुद्रुकला जरूर जा. नदीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ही राख सह्याद्रीची नव्हे. सह्याद्रीचा बेसाल्ट तिच्याहून कोट्यवधी वर्षांनी जुना. ती आली सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून. ती सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची की त्याहून बऱ्याच जुन्या स्फोटाची, यावर अभ्यासकांत वाद आहे. राखेसोबत अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारेही येथे मिळाली, म्हणून तो वाद महत्त्वाचा. थर पाहा, पण उकरू नका. आठवण म्हणून पुडी बांधून नेणारे महाभाग मी पाहिले आहेत.

आता जुन्नर.

हे शहर वाहतुकीवर जगले. खाणगाव खनिजावर जगते, तसे हे घाटावर. कोकणातील बंदरे आणि देशावरील पैठण, तेर यांच्यामधला माल नाणेघाट चढून येथे यायचा. ही गोष्ट केवळ सातवाहनांच्या काळापुरती नाही. इ.स. १४७० च्या आसपास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला आणि चालत जुन्नरला आला. सोबत विकायला आणलेला एक घोडा होता. पावसाने त्याला येथे दोन महिने अडकवून ठेवले. चार महिने अहोरात्र पाणी आणि चिखल, असे त्याने लिहून ठेवले आहे. आपल्या पावसाळ्याला तो हिवाळा म्हणतो, कारण घरी अडकून पडण्याचा ऋतू त्याच्या देशात हिवाळाच. जुन्नरचा बहमनी सरदार असदखान याने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर घोडाही देतो व वर हजार मोहरा देतो, असे सुनावले. खोरासानच्या एका ख्वाजा महंमदाने मध्यस्थी केली, म्हणून घोडा परत मिळाला आणि धर्मही राहिला. निकितिन परतीच्या वाटेवर, आपले शहर गाठण्याआधीच वारला. त्याची वही मात्र पोहोचली.

त्यानंतर निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने प्रारंभी जुन्नरहूनच कारभार हाकला. पुढे मलिक अंबरच्या हाती सत्ता आली, तेव्हा निजामशाहीचे ठाणे काही काळ पुन्हा येथे आले. शहरालगतच्या हापूसबागेचे नाव आंब्यावरून पडले असे वाटते खरे. ते 'हबशीबाग' याचे रूप मानले जाते. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी मोगलांच्या ताब्यातील जुन्नरवर छापा घातला. सभासदाने त्या छाप्यातून मिळालेला ऐवज नोंदवला आहे: २०० घोडे, ३ लाख होन, शिवाय कापड आणि जडजवाहीर. हा छापा आपण शौर्यकथा म्हणून वाचतो, ते योग्यच. परंतु तीच नोंद व्यापाऱ्याच्या डोळ्याने वाचून पाहा. निकितिनच्या एका घोड्यानंतर दोनशे वर्षांनीही या पेठेत घोडे होते, रोकड होती, कापड होते. पेठ जिवंत होती. पुढे पेशवाईच्या दफ्तरांत जुन्नरी कागद चालला. येथील कागदी कुटुंबांनी चिंध्यांच्या लगद्यातून तो हाताने उठवला. ज्या कागदावर आपला अर्धा इतिहास लिहिला गेला, त्या कागदाच्या कारागिरांची आठवण आपल्यापैकी किती जणांना आहे?

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक शैलगृहे कोरलेली आहेत: लेण्याद्री, मानमोडी, तुळजालेणी, शिवनेरी. एका शहराभोवती इतकी लेणी देशात अन्यत्र क्वचितच. बहुतेक लोक लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गिरिजात्मजाचे दर्शन घेतात आणि उतरतात. देवळाशेजारचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्त नावाच्या माणसाने दिले, हे त्यावरच्या लेखात आहे. कल्याण! म्हणजे घाटाच्या खालचा माणूस घाटावर दान देऊन गेला.

येथेच त्या आक्षेपाचे उत्तर आहे. जुन्नरच्या शिलालेखांत राजे कमी आणि माणसे फार. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम एका मंडपासाठी आणि पाण्याच्या टाक्यासाठी आपले नाव कोरतो, हे खरे. परंतु त्याच डोंगरांत धान्य विकणाऱ्यांची श्रेणी, म्हणजे आजच्या भाषेत संघटना, एक लेणे आणि टाके देते. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींकडे दानाची ठेव ठेवलेली आढळते. तिच्या उत्पन्नातून धर्मकार्य चालायचे. इरिल, चिट आणि चंद हे तिघे स्वतःला 'यवन' म्हणवतात. ग्रीक असतील, किंवा पश्चिमेकडून आलेले कोणी परदेशी. इरिलाने दोन टाकी दिली. चिटाने भिक्खूंसाठी भोजनमंडप दिला. परक्या मुलखात येऊन एखाद्याने जेवणघर बांधून द्यावे, यात मला एका अख्ख्या राजवंशाहून अधिक काही सापडते.

हे लेख कोरले गेले तेव्हा त्यांना इतिहास कोण म्हणत होते? त्या पावत्या होत्या. टाके कोणी दिले, ठेव कोणाकडे आहे, महिन्याला किती मिळायचे, याचा हिशेब. म्हणजे त्या काळच्या चालू घडामोडीच. दगडावर होत्या म्हणून टिकल्या आणि आज आपण त्यांना पुरातन वारसा म्हणून हात जोडतो. डिंभ्यातल्या मच्छीमारांच्या संस्थेचे सभासद-पुस्तक आणि बांबूवाल्यांच्या श्रेणीची ती ओळ एकाच जातीचे दस्तऐवज आहेत. एक दगडावर आहे, दुसरे कागदावर. आणि कागदाला वाळवी लागते.

जुन्नरहून नाणेघाट सुमारे तीस-पस्तीस किलोमीटर. वाटेत चावंड आणि पुढे जीवधन. हे गड या वाटेचे पहारेकरी. घाटमाथ्यावर खोदलेल्या त्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा दीर्घ ब्राह्मी लेख आहे. अश्वमेधासारखे यज्ञ, त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापणे यांचे आकडे. ते आकडे चिन्हांत कोरलेले आहेत. आज आपण जे अंक लिहितो त्यांच्या पूर्वजांपैकी काही येथे, या भिंतीवर आहेत. शून्य मात्र नाही. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. मागच्या भिंतीवर एकेकाळी राजकुटुंबाच्या प्रतिमा होत्या. सिमुक, सातकर्णी आणि नागनिका, राजपुत्र. प्रतिमा गेल्या. नावे आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या. याच भिंतींवर तैलरंगाने स्वतःचे नाव लिहून येणाऱ्यांविषयी मी काही लिहिणार नाही. लिहिले तर या थ्रेडची भाषा बिघडेल.

गुहेच्या वर तो सुप्रसिद्ध दगडी रांजण आहे. व्यापारी जाताना त्यात जकातीची नाणी टाकत, असे प्रत्येक वाटाड्या सांगतो. मलाही ती कथा आवडते. परंतु नागनिकेचा लेख यज्ञांविषयी आणि दक्षिणेविषयी बोलतो. जकातीचे नाव काढत नाही. एवढ्या वर्दळीच्या घाटात कर वसूल होत असणार, यात शंका घेण्याचे कारण नाही. तो याच रांजणात पडत होता, हे मात्र केवळ ऐकीव आहे. हजारो फूट चढून आलेल्या माणसाला आणि बैलाला सर्वांत आधी काय हवे असेल? माझा कौल पाण्याला. हे माझे मत. पुरावा म्हणून कोणी पुढे पाठवू नये.

परतताना, दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर, शिवनेरी चढा. १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवराय जेथे जन्मले ते स्थान पाहताना आता तुमच्या डोळ्यांसमोर खालचे शहर असेल, त्याची पेठ असेल, गडाच्याच कड्यात कोरलेली यवनांची टाकी असतील. ज्या गडावर महाराजांचा जन्म झाला तो त्यांना हयातभर परत मिळाला नाही, ही गोष्टही वर उभे राहून अधिक खोल उतरते.

आणि गडावरचा एक चौथरा न पाहता उतरू नका. सतराव्या शतकाच्या मध्यास महादेव कोळ्यांनी मोगलांविरुद्ध उठाव केला. तो मोडल्यावर पकडलेल्या कोळ्यांची येथे कत्तल झाली, अशी परंपरा सांगते. म्हणून तो कोळी चौथरा. जन्मस्थानाकडे जाणारी गर्दी बहुधा त्याच्या बाजूने निघून जाते. काल डिंभ्याच्या काठावर ज्यांच्याशी तुम्ही बोललात ती माणसे याच समाजाची. पहिला दिवस डिंभ्याला द्या, असे मी म्हणालो ते या चौथऱ्यासाठी. त्या माणसांना भेटून आलेला मनुष्य या दगडांपुढे निराळा उभा राहतो.

शेवटी एक विनंती. जुने आंबेगाव आणि डिंभ्यात गेलेली इतर गावे ज्यांनी नांदती पाहिली, ती पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. तुमच्या घरात, नात्यात, शेजारात असे कोणी असेल तर आज संध्याकाळी त्यांच्यापाशी बसा. बाजार कोणत्या वारी भरत असे, नदीवर उतार कुठे होता, वेशीवर कोणते झाड होते, कोणत्या आळीत कोणाची घरे होती, हे विचारा आणि जसे सांगतील तसे, त्यांच्याच शब्दांत, या थ्रेडखाली लिहा. शुद्धलेखनाची काळजी नको. माहिती देणाऱ्याचे नाव त्यांच्या परवानगीवाचून मात्र लिहू नका. गावाचे नाव आणि ऐकल्याची तारीख तेवढी टाका.